पंपाचा वायसर आणि इंजिनची रिंग

सोयाबीन निघायच्या दिवसांत आमच्या यवतमाळकडच्या गावात एक वाक्य हमखास कानावर येतं: 'गाडीचं कॉम्प्रेशन गेलं,' म्हणजे इंजिन आत दाब धरत नाही. किक हातानं दाबली तरी खाली जाते आणि पांदणीत मागं एक पोतं बांधलं की गाडीला दम लागतो. मग कोणी जाड ऑइल सुचवतो, कोणी 'इंजिन न खोलता कॉम्प्रेशन परत' म्हणणारी बाटली आणतो. झिजलेलं लोखंड बाटलीतून परत येत नाही. ते पैसे वाचवा आणि आधी दाब कुठून निसटतो ते शोधा.

शंभर सीसीच्या इंजिनात पिस्टन वर येताना आतलं पेट्रोल-हवेचं मिश्रण सुमारे नवव्या हिश्श्यात दाबतो. पिस्टन ॲल्युमिनियमचा, तापला की बिडाच्या बोअरपेक्षा (तो ज्या नळीत वर-खाली होतो तिच्यापेक्षा) जास्त फुगतो. म्हणून दोघांत फट ठेवावीच लागते. ती फट पिस्टनच्या खाचेत बसवलेली रिंग बुजवते. रिंग स्वतःच्या ताणानं बोअरला चिकटते असं बहुतेकांना वाटतं, पण तो ताण अगदी थोडा असतो. खरं काम दाबलेला वायूच करतो. तो वरच्या फटीतून खाचेत शिरतो, रिंगच्या पाठीमागं जातो आणि तिला बाहेर बोअरवर व खाली खाचेच्या तळावर रेटतो. दाब जितका वाढेल तितकी रिंग घट्ट बसते!

सायकलच्या पंपातला चामड्याचा वायसर आठवा. दांडा दाबला की त्याच्या वाटीचे काठ हवेनंच फाकतात आणि नळीला चिकटतात. वायसर सुकला की पंप हवा धरत नाही. तेलाचे दोन थेंब सोडले की लगेच धरतो.

इंजिनची परीक्षा नेमकी हीच. प्लग काढून तिथं दाब मोजायचं गेज लावा, ॲक्सिलरेटर पूर्ण ओढून धरा (नाहीतर हवाच कमी शिरते) आणि किका मारा. मग प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मारा. काटा चांगला चढला तर दोष रिंग-बोअरचा. जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह (इंजिनात हवा आत-बाहेर सोडणारी झडप) किंवा हेड गॅस्केट (इंजिनच्या वरच्या झाकणाखालची पट्टी) पाहा. त्याआधी थंड इंजिनचं टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हला ढकलणारा स्क्रू, तपासा. ते जास्त आवळलेलं असेल तर व्हॉल्व्ह पूर्ण बसतच नाही, आणि हा दोष फुकटात सुटतो.

बोअर लंबगोल झाली असेल तर नुसत्या नव्या रिंगा टाकून भागत नाही. लेथवर बोअर करून 0.25 किंवा 0.50 मिमी मोठा पिस्टन बसवावा लागतो.

शेजारच्या काकांच्या गाडीचं हेड परवा उघडलं, तर बोअरच्या वरच्या काठाशी नख अडकेल एवढा कंगोरा होता, म्हणजे त्याखालची भिंत तेवढी झिजली होती. रस्त्याच्या धुळीतले गारगोटीचे कण बिडापेक्षा कठीण असतात. एअर फिल्टरचा डबा उघडला, तर तो रिकामा.

"हवा मोकळी भेटावी म्हणून काढला होता ना बाप्पा," काका म्हणाले.