गिझर बसवण्याआधी: वायरिंग आणि अर्थिंगविषयी

नवा गिझर घेताना किती लिटरचा, किती स्टारचा, हे सगळेच विचारतात. त्याचा टॉप (प्लग) ज्या पॉइंटमध्ये जाणार, त्याच्यामागे काय आहे हे फार थोडे विचारतात. गिझर कितीही नामांकित कंपनीचा असो, पॉइंटला अर्थिंग नसेल तर तो आम्ही जोडून देत नाही. गिऱ्हाईक नाराज झालं तरी चालेल.

घरगुती साठवणीचा गिझर बहुधा 2000 वॅटचा असतो. 230 व्होल्टवर तो साधारण 8.7 अँपिअर करंट घेतो, 3000 वॅटचा इन्स्टंट गिझर 13 अँपिअर. म्हणून 6 अँपिअरचा साधा सॉकेट किंवा एक्स्टेंशन बोर्ड त्याला चालत नाही. डीबीपासून (घरातल्या मुख्य स्विचबोर्डपासून) वेगळी लाइन आणि 16 अँपिअरचा पॉइंट हवा. आम्ही तांब्याचीच वायर टाकतो: 2000 वॅटला 2.5 चौरस मिलिमीटर, 3000 वॅटला 4. स्विच बाथरूमच्या बाहेर आणि डीपी, म्हणजे फेज व न्यूट्रल दोन्ही तोडणारा. टॉपच्या पिना काळवंडल्या असतील किंवा सॉकेटला जळका वास येत असेल, तर आतली जोडणी सैल आहे. तो सॉकेट घासूनपुसून वापरू नका, बदलूनच घ्या.

“एमसीबी आहे की, मग कसली भीती?” असं बरेच जण म्हणतात. एमसीबी, म्हणजे करंट फार वाढला की आपोआप पडणारा (बंद होणारा) स्विच, वायरला जळण्यापासून वाचवतो, माणसाला शॉकपासून नाही. 16 अँपिअरचा एमसीबी पडायला 16 अँपिअरहून जास्त करंट लागतो. ओल्या अंगाच्या माणसाचा जीव एका अँपिअरच्या दहाव्या हिश्शानेही जाऊ शकतो, आणि तेवढ्याने एमसीबी पडत नाही.

माणसासाठी आरसीसीबी नावाचा वेगळा स्विच असतो. फेजने गेलेला करंट न्यूट्रलने पुरता परत येतोय का, यावर त्याचं लक्ष असतं. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी तेवढी गळती होताच 0.3 सेकंदाच्या आत लाइन तोडतो. त्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबा. पडला नाही तर तो निकामी आहे.

आरसीसीबी असला तरी अर्थिंग हवंच. अर्थिंग असेल तर गिझरच्या टाकीत उतरलेला करंट तिकडून जातो आणि कोणी हात लावायच्या आतच आरसीसीबी पडतो. नसेल तर तो पडतो माणसाला झटका बसल्यावर.

जुन्या इमारतींत खरी अडचण इथेच येते. पूर्वी अर्थची वायर नळाच्या लोखंडी पाइपला बांधायची पद्धत होती. नंतर पाइप प्लास्टिकचे झाले आणि अर्थिंग कुणाच्या लक्षात न येता गेलं. त्याहून वाईट म्हणजे सॉकेटमध्येच न्यूट्रलवरून अर्थच्या पिनेला वायरचा तुकडा जोडलेला असतो. फेज आणि अर्थमध्ये टेस्ट लॅम्प लावला तर तो छान पेटतो, घरच्यांना वाटतं अर्थिंग आहे. मागे कुठे न्यूट्रल तुटला, की चालू गिझरच्या टाकीवर आणि नळाच्या पाण्यात फेज येतो. असा तुकडा दिसला की आम्ही तो आधी काढतो. म्हणूनच आम्ही लॅम्पवर भिस्त ठेवत नाही. सॉकेट उघडून बघतो आणि मीटरने अर्थिंग मोजतो. बिल्डिंगचं अर्थिंगच खराब निघालं तर काम सोसायटीला करावं लागेल. कमिटीला दाखवायला आम्ही मोजलेले आकडे लिहून देऊ.

बोअरचं जड पाणी असेल तर एलिमेंटवर (पाणी तापवणाऱ्या कॉइलवर) क्षार चढतात, कालांतराने त्याचं आवरण चिरतं आणि करंट पाण्यात उतरतो. गिझर लावला की आरसीसीबी पडतो, याचं हे नेहमीचं कारण. अशा वेळी “तात्पुरता बायपास करून द्या” असं कृपया कोणालाही सांगू नका.

नळाला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर पाणी तसंच वाहू द्या, नळ बंद करायला जाऊ नका. बाजूला व्हा, कोरड्या हाताने मेन स्विच पाडा आणि मग आम्हाला फोन करा. फोनवर एवढं सांगा: गिझर किती वॅटचा, डीबीत आरसीसीबी आहे का, पाणी बोअरचं की नगरपालिकेचं. त्याप्रमाणे सामान घेऊन येता येतं.