लाल गळ्याचा टॅनेजर: १८७० पासूनची हुलकावणी

ब्राझीलच्या एस्पिरितु सांतु राज्यातल्या दमट, डोंगरी जंगलात लाल गळ्याचा टॅनेजर हा छोटा पक्षी राहतो. शास्त्रज्ञांना माहीत असलेले पक्षी आज जेमतेम वीसेक. हा पक्षी संपायला आला, याचं कारण त्याच्या इतिहासातच सापडतं.

१८७० साली बर्लिनचे पक्षीतज्ज्ञ ज्यां कबानिस यांनी त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं, तेही एकाच नमुन्यावरून. तो नमुना शेजारच्या मिनास जेराइस राज्यातल्या मुरियाए भागातला होता. पुढे त्या पट्ट्यात कॉफीचे मळे आणि गुरांची कुरणं पसरली, जंगल तुटलं आणि पक्ष्याची खबर थांबली.

१९४१ मध्ये जर्मन पक्षीतज्ज्ञ हेल्मुट झिक यांना एस्पिरितु सांतुमधल्या इतारानाजवळ आठ पक्ष्यांचा थवा दिसला. पुढच्याच वर्षी ब्राझील महायुद्धात उतरला आणि जर्मन म्हणून झिक कैदेत गेले. त्यानंतर पक्षी पुन्हा नजरेआड झाला, इतका की तो नामशेष झाला असंच अनेकांनी धरलं.

तो सापडत नव्हता यात नवल नाही. पाठ राखाडी, पोट पांढरं, डोळ्यांवर काळा पट्टा आणि गळ्याशी भडक लाल डाग, असा हा साडेबारा सेंटिमीटरचा जीव उंच झाडांच्या शेंड्यांवर वावरतो. इतर जातींच्या मिश्र थव्यात मिसळून तो फांद्यांवरच्या शेवाळात आणि दगडफुलात चोच खुपसून अळ्या, किडे टिपतो. खालून मान वर करून बघणाऱ्याला लाल गळा दिसेपर्यंत थवा पुढे सरकलेला असतो. शेवाळ साठलेल्या जुन्या फांद्या हव्यात, म्हणजे जुनं जंगलच हवं. नव्या लागवडीवर त्याचं भागत नाही. माझ्या मते सगळं दुखणं इथेच आहे.

१९९८ मध्ये कोन्सेइसांव दु कास्तेलु इथल्या एका खासगी फार्मच्या जंगलात तो पुन्हा सापडला. झिक यांच्या नोंदीनंतर तब्बल ५७ वर्षांनी. त्यामुळे आवाजाची, सवयींची आणि घरट्याची माहिती पहिल्यांदाच नीट जमू लागली. पुढे काएतेसचं जंगल आणि सांता तेरेझाजवळचं ऑगुस्तो रुस्की अभयारण्य हेच त्याचे मुख्य आसरे उरले.

काएतेस ही बरीचशी खासगी जमीन होती. अलीकडे तिचा काही भाग संवर्धनासाठी विकत घेऊन राखीव केला गेला. हे काम फार उशिरा झालं. आता तिथले कार्यकर्ते विणीच्या हंगामात एकेका घरट्यावर नजर ठेवतात.