आर्किअँफोरा

आर्किअँफोरा लाँगिसर्व्हिया ही ईशान्य चीनमधील लिआवनिंग प्रांतात, यिश्यान शैलसमूहातील सुमारे १२.५ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत सापडलेली जीवाश्म वनस्पती असून, एके काळी ती जगातील सर्वांत जुनी कीटकभक्षी वनस्पती मानली जात होती. पूर्व क्रिटेशस काळातील याच थरांतून पिसे असलेले डायनोसॉर आणि काही आद्य सपुष्प वनस्पतीही मिळाल्या आहेत.

ली होंगची यांनी २००५ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले. प्रजातीचे नाव ‘आद्य कलश’ व जातीचे नाव ‘लांब मानेची’ अशा अर्थाचे आहे. जेमतेम ५ सेंमी. उंचीच्या या अवशेषातील पाने त्यांनी ३ ते ४ सेंमी. लांबीचे कलश, म्हणजे कीटक पकडणारी पोकळ पाने, मानली. खाली अरुंद नळी, तिच्या कडेने पंखासारखी पट्टी, वर फुगीर भाग आणि टोकाला चमच्यासारखे झाकण, अशी त्यांची घडण दिसते. पानांवरील सोनेरी ठिपके पाचक ग्रंथी ठरवून ही वनस्पती सारासेनिएसी या अमेरिकेतील कलशधारी कीटकभक्षी वनस्पतींच्या कुलात घातली गेली. आपल्याकडे मेघालयात आढळणारी घटपर्णी या कुलातली नव्हे. तिचे कुल निराळे आहे.

हे वर्गीकरण पहिल्यापासून अडचणीचे होते, कारण सारासेनिएसी कुलाचा उगम रेणवीय (डीएनएच्या तुलनेतून मिळालेल्या) पुराव्यांनुसार बराच अलीकडचा, सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीचा ठरतो. शिवाय, केवळ कलशासारख्या आकारावरून मांसाहार सिद्ध होत नाही. २०१५ मध्ये वोंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे नमुने त्याच थरांतील लिआवनिंगोक्लाडस बोई या शंकुधारी वृक्षाच्या पानांशी ताडून पाहिले, तेव्हा समांतर शिरांची ठेवण दोहोंत सारखीच निघाली. पाचक ग्रंथी समजले गेलेले सोनेरी ठिपके म्हणजे राळेचे कण होते, आणि ‘कलश’ म्हणजे आंब्याच्या पानावर किडीमुळे येतात तशा गाठी. थोडक्यात, जिला कीटक खाणारी समजले गेले, ती वनस्पतीच कीटकांचे भक्ष्य झाली होती.

चेक प्रजासत्ताकातील उत्तर क्रिटेशस काळातील पॅलिओआल्ड्रोव्हँडा या जीवाश्माचीही गत अशीच झाली. १९८४ मध्ये कीटकभक्षी पाणवनस्पतीच्या बिया म्हणून वर्णिलेले हे अवशेष २०१० च्या फेरतपासणीत कीटकांची अंडी निघाले. त्या मानाने बाल्टिक अंबरमधील (जीवाश्म झालेल्या राळेतील) रोरिडुलेसी या चिकट पानांनी कीटक पकडणाऱ्या वनस्पतींच्या कुलातील पानांचा पुरावा भक्कम आहे. ३.५ ते ४.७ कोटी वर्षांपूर्वीच्या या पानांच्या तुकड्यांवर चिकट द्रव स्रवणारे देठयुक्त ग्रंथिकेस अंबरमध्ये जसेच्या तसे टिकले आहेत.