कन्फेशन म्हणजे पाप करायला मोकळीक नव्हे

"आठवडाभर पाप करायचं, रविवारी फादरच्या कानात सांगायचं, की झाले मोकळे!" ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या कन्फेशनबद्दल, म्हणजे फादरपुढे दिलेल्या पापांच्या कबुलीबद्दल, हे पुण्यात वर्षानुवर्षं बोललं जातं. हे साफ चूक आहे, आणि त्यांच्या श्रद्धेवर अन्याय करणारंही.

क्वार्टर गेटजवळचं सिटी चर्च १७९२चं, सवाई माधवराव पेशव्यांनी दिलेल्या जागेवरचं. अशा कॅथलिक चर्चमध्ये कन्फेशनला नुसतं सांगून भागत नाही. मनापासून पश्चात्ताप हवा, पुन्हा न करण्याचा निर्धार हवा. चोरी केली असेल तर वस्तू परत करायची, कुणाची बदनामी केली असेल तर ती निस्तरायची. हे करायचं मनातच नसेल, तर फादरनी क्षमेचे शब्द उच्चारले तरी ते लागू होत नाहीत. पैसे तर मुळीच लागत नाहीत. पापाच्या शिक्षेतून सूट देताना पैसे घेण्याची प्रथा पोप पायस पाचवे यांनी १५६७ मध्येच बंद केली.

मुळात क्षमा देवाची, फादर निमित्त. तिचा आधार येशूने क्रुसावर एकदाच केलेलं बलिदान. म्हणूनच चर्चमध्ये बकरा कापला जात नाही. हा आधार प्रोटेस्टंट पंथाचे ख्रिस्तीही मानतात. फक्त त्यांच्यातले बहुतेक जण कबुली थेट देवापुढे देतात.