साखळीतली २२२ वी कडी

शाळेच्या पांढऱ्या शर्टाला रक्त लागलं की घरात पहिली सूचना ठरलेली असायची: ‘गरम पाणी लावू नकोस, डाग बसेल!’ कारण कुणी सांगत नसे, पण सल्ला बिनचूक होता. रक्त, दूध, अंडं यांच्या डागांत प्रथिनं असतात. उष्णतेनं ती उकडलेल्या अंड्यासारखी घट्ट होतात आणि धाग्यांत रुतून बसतात. साबण तेलकट मळ सहज उचलतो, पण या चिवट जाळीपुढे त्याचं फारसं चालत नाही. जाळी आधी कापावी लागते आणि ती कापणारी कात्री म्हणजे प्रोटिएज जातीचं विकर, अर्थात एन्झाइम.

ही कात्री धुण्यात वापरायची कल्पना जुनी आहे. जर्मनीतल्या ओटो र्‍योम यांनी १९१३ मध्येच तिचं पेटंट घेतलं होतं. त्यांनी प्राण्यांच्या स्वादुपिंडातलं ट्रिप्सिन धुण्याच्या सोड्यात मिसळलं. पण ट्रिप्सिन पडलं आतड्यात काम करणारं. तिथला सामू, म्हणजे पीएच, जेमतेम आठच्या आसपास असतो, तर धुण्याच्या पावडरीचं पाणी दहापर्यंत जातं. एवढ्या अल्कलीत ट्रिप्सिनचा टिकाव लागेना.

टिकणारं विकर सापडलं ते एका फसलेल्या नमुन्यातून. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत (होय, बिअरवालेच) लिंडरस्ट्रॉम-लांग आणि ऑटेसेन अंड्याच्या पांढऱ्यातल्या प्रथिनावर काम करत होते. साठवलेल्या नमुन्यातून भलत्याच आकाराचे स्फटिक मिळू लागले. शोध घेतला तर नमुन्यात बॅसिलस जातीचा जिवाणू शिरला होता आणि त्याचं विकर प्रथिन कापत होतं. १९४७ साली हे प्रसिद्ध झालं. या कुळातल्या विकरांना आज सबटिलिसिन म्हणतात. १९६०च्या दशकात कोपनहेगनच्याच नोवो कंपनीनं अशा विकराचं ‘अल्कलेज’ बाजारात आणलं आणि युरोपातल्या धुण्याचा रंग पालटला. मध्ये एक ठेच लागली. विकराची बारीक धूळ श्वासातून गेल्यानं कारखान्यांतल्या कामगारांना दमा होऊ लागला. मग विकर आवरण असलेल्या दाण्यांत बंद करून मिसळायची पद्धत आली.

सबटिलिसिन अल्कलीत टिकतं, पण पावडरीच्या खोक्यात त्याचे शेजारी एकेक नग असतात. मळ सोडवणारी रसायनं प्रथिनाची घडी उसवतात. पाणी मऊ करणारे घटक कॅल्शियम पळवतात, आणि तेच तर या रेणूची घडी घट्ट धरून ठेवतं. शिवाय विकर स्वतःही प्रथिनच असल्यानं ही कात्री शेजारच्या कात्रीला कापत सुटते.

पण सगळ्यात वाईट शेजारी म्हणजे विरंजक. युरोप-अमेरिकेतल्या पावडरींमध्ये रंगीत डाग फिके करण्यासाठी असा पदार्थ घालतात, जो पाण्यात हायड्रोजन पेरॉक्साइड सोडतो. बॅसिलसच्या एका जातीचं सबटिलिसिन ही २७५ अमिनो आम्लांची, म्हणजे प्रथिनांच्या सुट्या कड्यांची, साखळी आहे. कापण्याचं मुख्य काम करते २२१ वी कडी, सेरीन. तिला अगदी खेटून २२२ वी कडी आहे मेथिओनिनची आणि मेथिओनिनमध्ये गंधकाचा एक अणू असतो. पेरॉक्साइड नेमका त्यालाच ऑक्सिजन चिकटवतं. एवढ्यानं कात्रीचं पातं अडकतं. बाकीच्या २७४ कड्या धडधाकट, पण उपयोग जवळजवळ शून्य!

मग ती कडीच बदलली तर? साखळीतल्या कड्या ठरवणाऱ्या जनुकातलं नेमकं अक्षर बदलायची पद्धत मायकेल स्मिथ यांनी १९७८ मध्ये दाखवली होती (त्यासाठी त्यांना पुढे १९९३ चं नोबेल मिळालं). ती हाताशी धरून एस्टेल, ग्रेकार आणि वेल्स यांनी १९८५ मध्ये कॅलिफोर्नियात २२२ व्या जागी उरलेली १९ अमिनो आम्लं एकेक करून बसवून पाहिली. अलॅनिन किंवा सेरीन बसवलेली विकरं तीव्र पेरॉक्साइडमध्येही टिकली, मात्र कात्रीची धार कमी झाली. मला हा प्रयोग फार आवडतो. कुठली कडी चालेल याचा आडाखा बांधत बसण्यापेक्षा सगळ्याच घालून बघितल्या! धार थोडी गेली तरी चालेल, पण टिकाऊपणा हवा, हा सौदा धुण्याच्या धंद्याला मानवला.

कॅल्शियमचं कोडं अमेरिकेत फिलिप ब्रायन आणि सहकाऱ्यांनी उलट्या बाजूनं सोडवलं. कॅल्शियम जिथं बसतं तो वळसाच त्यांनी रेणूतून कापून टाकला. रेणू आधी डळमळीत झाला, मग इतर कड्या बदलून तो सावरला. कॅल्शियम खेचून घेणाऱ्या द्रावणात त्याचा टिकाऊपणा सुमारे हजारपट वाढल्याचं १९९५ मध्ये प्रसिद्ध झालं.

निसर्गातही असे चिवट जीव शोधता येतात. आपल्या बुलढाण्याच्या लोणार सरोवराचं पाणी धुण्याच्या पाण्याइतकंच अल्कधर्मी आहे आणि त्यात सुखानं नांदणाऱ्या जिवाणूंकडून अशी प्रोटिएज विकरं मिळवली गेली आहेत. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं कोनिडिओबोलस या बुरशीचं विकर बाजारातल्या डिटर्जंटांसोबत तपासलं होतं.

द्रवरूप डिटर्जंटमध्ये तर विकराला बाटलीतच झोपवून ठेवतात. बोरेटसारखा पदार्थ कात्रीच्या तोंडात अडकून राहतो. बादलीतल्या पाण्यात तो पातळ झाला की तोंड मोकळं होतं.

पैठणी मात्र या बादलीत घालू नका. रेशीम हेही प्रथिनच आहे, आणि डाग कुठला नि पदर कुठला हे कात्रीला कळत नाही.

आणि हळद? वरणाचा डाग पडला की त्यातल्या डाळीच्या प्रथिनाला प्रोटिएज, पिष्टाला अमायलेज आणि तुपाला लायपेज पुरतं. उरतो पिवळा करक्युमिन. तो यातल्या कुणाच्याच कात्रीत सापडत नाही, उलट अल्कलीत लालभडक होऊन आपल्याला घाबरवतो. तो शर्ट धुऊन दोन दिवस कडक उन्हात वाळत घाला.