ऑर्थोलॉग की पॅरालॉग? गाव नका बघू, पाती बघा

ऑर्थोलॉग आणि पॅरालॉग ही एकाच मूळ जीनपासून (जनुकापासून) आलेल्या जीन्समधल्या दोन नात्यांची नावं. परवा एका एमएस्सीच्या मुलीने त्यावरच्या तिच्या नोट्सचा फोटो पाठवला. पट्टीने आखलेले दोन रकाने, डावीकडे "ऑर्थोलॉग : वेगळी स्पीसीज, सेम फंक्शन", उजवीकडे "पॅरालॉग : सेम स्पीसीज, वेगळं फंक्शन", आणि खाली लाल पेनने "व्हेरी आयएमपी". अक्षर इतकं मोत्यासारखं की चूक आहे म्हणायला जिवावर आलं. पण चूक आहे, आणि अर्धवट नाही, पूर्ण चूक आहे. रकान्यातल्या चारही गोष्टींपैकी एकही मूळ व्याख्येत नाही. हाच तक्ता मी क्लासच्या नोट्समध्ये पाहिलाय, सेमिनारच्या स्लाइडवर पाहिलाय, आणि एकदा तर व्हायव्हा घ्यायला आलेल्या सरांनीच तो मुलाकडून वदवून घेतला आणि वर "गुड" म्हणाले, तेव्हापासून हे कधीतरी सविस्तर लिहायचं डोक्यात होतं.

ऑर्थोलॉग तुम्हाला येतं हे धरून चालतो. पूर्वज स्पीसीजमध्ये (प्रजातीत) एक जीन होता, त्या स्पीसीजच्या पुढे दोन झाल्या, दोघींकडे तो जीन वारशाने गेला, झाले ते दोघे ऑर्थोलॉग. माणसाचा अल्फा ग्लोबिन (रक्तातल्या हिमोग्लोबिनचा एक घटक बनवणारा जीन) आणि उंदराचा अल्फा ग्लोबिन. विषय संपला.

घोळ पॅरालॉगमध्ये आहे. हे दोन्ही शब्द वॉल्टर फिच यांनी १९७० मध्ये काढले आणि त्यांनी उदाहरणही हिमोग्लोबिनचंच दिलं होतं. त्यांचं म्हणणं एवढंच की दोन जीन वेगळे झाले ते कशामुळे ते बघा. स्पीसीज फुटल्यामुळे वेगळे झाले असतील तर ऑर्थोलॉग, जीनचीच एक जादा प्रत तयार झाली, म्हणजे डुप्लिकेशन झालं आणि त्यामुळे वेगळे झाले असतील तर पॅरालॉग. घटना बघायची. आज ते जीन कुठे राहतात आणि काय काम करतात हा प्रश्नच नाहीये.

आता आपल्याकडे हे समजायला खरं तर सगळ्यात सोपं जायला हवं कारण आपल्याला भावकी कळते. मध्य प्रदेशातलं देवास घ्या, पवारांचं. तुकोजीराव आणि जिवाजीराव हे दोन भाऊ, त्यांच्यापासून थोरली पाती आणि धाकटी पाती (पाती म्हणजे घराण्याची शाखा) अशी दोन संस्थानं झाली, आणि गंमत म्हणजे दोघांची राजधानी एकच, देवास. एकाच गावात राहतात म्हणून थोरल्या पातीचा माणूस धाकट्या पातीचा होतो का? नाही. बरं, आता समजा थोरल्या पातीतलं एक घर उठून पुण्याला गेलं. गाव बदललं, पाती बदलली का? तीही नाही. आणि आता खरा प्रश्न, पुण्यात गेलेल्या त्या थोरल्या पातीच्या माणसाचं देवासमधल्या धाकट्या पातीच्या माणसाशी नातं काय? गावं वेगळी आहेत, पण नातं जुळवायला मागे गेलात तर तुम्ही देवास सोडल्याच्या दिवसापाशी थांबत नाही, थेट त्या दोन भावांपर्यंत जावं लागतं. मग ते वेगळ्या पातीचेच राहिले.

जीन्सचं अगदी हेच. अल्फा आणि बीटा ग्लोबिन या दोन पात्या फुटल्या साधारण ४५ ते ५० कोटी वर्षांपूर्वी, जबडा असलेल्या पृष्ठवंशी प्राण्यांच्या पूर्वजात. माणूस आणि उंदीर यांची वाट वेगळी झाली ती सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे कितीतरी नंतर, आणि तेव्हा दोन्हीकडे दोन्ही पात्या गेल्या. त्यामुळे माणसाचा अल्फा आणि उंदराचा अल्फा ऑर्थोलॉग, माणसाचा अल्फा आणि माणसाचा बीटा पॅरालॉग, इथपर्यंत सगळे बरोबर सांगतात. पण माणसाचा अल्फा आणि उंदराचा बीटा? इथे वर्गात शांतता पसरते. कोणीतरी हळूच म्हणतं "सर ऑर्थोलॉग, कारण स्पीसीज वेगळ्या." नाही रे बाबा. पॅरालॉग. दोघांचा सगळ्यात जवळचा समाईक पूर्वज गाठायचा तर त्या जुन्या डुप्लिकेशनपर्यंत मागे जावं लागतं, ९ कोटी वर्षांवर थांबून भागत नाही.

आणि एकाच क्रोमोसोमवर शेजारी-शेजारी असतील तरच पॅरालॉग असंही काहींना वाटतं. माणसात अल्फाचा गठ्ठा १६ व्या क्रोमोसोमवर आहे आणि बीटाचा ११ व्या, आणि झेनोपस बेडकात मात्र दोन्ही अजून एकमेकांना चिकटून आहेत. घरात मध्ये भिंत घातली काय न घातली काय, वाटणी झाली ती झाली.

माझी पद्धत विचाराल तर पेन्सिल. पाठांतर नको. जीन ट्री कागदावर काढा (म्हणजे जीन्सची वंशावळ, स्पीसीजची नव्हे), झाडाच्या टोकाच्या दोन जीन्सवर दोन बोटं ठेवा आणि दोन्ही बोटं मुळाकडे सरकवत जा. जिथे बोटं भेटतील त्या गाठीवर काय लिहिलंय ते वाचा. डुप्लिकेशन असेल तर पॅरालॉग, स्पीसीज फुटली असेल तर ऑर्थोलॉग. वाटेत कुठल्या गाठी लागल्या याच्याशी काही देणंघेणं नाही, फक्त भेटीची गाठ.

हे बोट फिरवायला सगळ्यात मजा येते ती डोळ्यातल्या ऑप्सिनवर (प्रकाश पकडणाऱ्या प्रोटीनवर). आपल्याला लाल-हिरवं वेगळं दिसतं कारण एक्स क्रोमोसोमवर लाल ऑप्सिन आणि हिरवा ऑप्सिन असे दोन जीन आहेत, प्रोटीन बघितलं तर दोन्ही सुमारे ९६ टक्के सारखे. हे डुप्लिकेशन आफ्रिका-आशियातल्या माकडांच्या पूर्वजात झालं, दक्षिण अमेरिकेतली माकडं वेगळी झाल्यानंतर. उंदराकडे एक्सवर असा एकच जीन. मग उंदराच्या त्या एका जीनचा माणसातला ऑर्थोलॉग कोणता, लाल की हिरवा? विद्यार्थी इथे जास्त सारखा कुठला ते शोधायला ब्लास्ट (सीक्वेन्स जुळवून सारखे जीन शोधणारं सॉफ्टवेअर) लावायला धावतात. अहो थांबा, बोट फिरवा. उंदीर आणि माणसाचा लाल, भेट कुठे? स्पीसीज फुटली तिथे. उंदीर आणि माणसाचा हिरवा? तिथेच. म्हणजे दोन्ही ऑर्थोलॉग आहेत, एकाला निवडायचं कारणच नाही, एकाला दोन असं नातं आहे आणि एन्सेम्बलसारख्या डेटाबेसमध्ये ते "वन टू मेनी" म्हणून सरळ लिहिलेलं असतं, ते लोक डोळ्यांनी बघतात आणि तरी पहिल्या ओळीतला जीन उचलून पुढे जातात.

आता मकाक माकड आणा. त्याच्याकडेही लाल आणि हिरवा दोन्ही, कारण डुप्लिकेशन त्याच्या आणि आपल्या फुटण्याच्या आधीचं. तर माणसाचा लाल आणि मकाकचा हिरवा पॅरालॉग, स्पीसीज वेगळ्या असून. आणि शेवटचा गुगली, दक्षिण अमेरिकेतलं हाउलर माकड. तिकडच्या बहुतेक माकडांकडे एक्सवर एकच ऑप्सिन आहे, पण हाउलरकडे दोन आहेत, लाल आणि हिरवा, त्याचं डुप्लिकेशन त्याच्या घरात स्वतंत्रपणे झालेलं. माणसाचा लाल आणि हाउलरचा हिरवा, भेट कुठे? स्पीसीजच्या गाठीवर. ऑर्थोलॉग! माणसाचा लाल आणि हाउलरचा लाल, तेही ऑर्थोलॉगच, पण हिरव्यापेक्षा तसूभरही जास्त जवळचे नव्हेत, नाव एकच असलं तरी. दोन वेगळ्या घरांत थोरल्याचं नाव बाळासाहेब ठेवलं म्हणून ते बाळासाहेब एकमेकांचे सख्खे होत नाहीत. (खरा डेटा घेऊन ट्री काढाल तर लाल आणि हिरवा यांच्यात जीन कन्व्हर्जनने तुकड्यांची अदलाबदल झालेली दिसेल आणि ट्री थोडं वेड्यासारखं येईल, तेव्हा मला शिव्या देऊ नका.)

याच उदाहरणात इनपॅरालॉग आणि आउटपॅरालॉगही उरकून जातात. ज्या दोन स्पीसीजची तुलना चाललीय त्या फुटल्यानंतर डुप्लिकेशन झालं तर इन, आधी झालं तर आउट. उंदराच्या तुलनेत माणसाचे लाल-हिरवे इनपॅरालॉग, मकाकच्या तुलनेत तेच आउटपॅरालॉग. म्हणजे "हे दोन इनपॅरालॉग आहेत" एवढंच वाक्य अर्धवट आहे, कोणाच्या तुलनेत ते सांगितल्याशिवाय मी पेपर तपासताना मार्क देत नाही.

फंक्शनचं आता थोडक्यात, जरी मला यावर जास्त राग येत असला तरी. ऑर्थोलॉग म्हणजे सेम काम, ही व्याख्या नाही, तो अंदाज आहे, बऱ्याचदा बरोबर ठरणारा आणि म्हणून उपयोगाचा. पण माणसातच अल्फा ग्लोबिनचे एचबीए१ आणि एचबीए२ असे दोन जीन आहेत, दोघांपासून तंतोतंत तेच प्रोटीन बनतं, १४१ अमिनो आम्लांचं, एका अक्षराचा फरक नाही, आणि तरी ते पॅरालॉग आहेत. उलट बाजूने लॅम्प्रे नावाचा बिनजबड्याचा मासा घ्या, त्याचंही हिमोग्लोबिन रक्तातून ऑक्सिजनच वाहून नेतं, पण ते ग्लोबिन कुळाच्या दुसऱ्याच शाखेतून स्वतंत्रपणे त्या नोकरीला लागलंय, आपल्या अल्फा-बीटाचं ऑर्थोलॉग नाही. आणि २०११ मध्ये माणूस-उंदीर तुलनेवर एक पेपर आला, त्यात तर एकाच स्पीसीजमधल्या पॅरालॉगांचं काम ऑर्थोलॉगांपेक्षा जास्त सारखं निघालं, मग त्यावर भांडणं, मग पुढच्या वर्षी दुसऱ्यांनी डेटातले पूर्वग्रह काढून दाखवलं की नाही, ऑर्थोलॉगच थोडे पुढे आहेत. थोडेच. व्याख्या असती तर हे भांडण झालंच नसतं ना, व्याख्येवर कोणी डेटा गोळा करत नाही.

बाकीचे शब्द दोन वाक्यांत. जीन दुसऱ्याच जिवाकडून आडव्या वाटेने आला असेल, बॅक्टेरियात होतं तसं, तर झेनोलॉग, आणि अख्ख्या जीनोमचंच (सगळ्या जीन्सच्या संचाचंच) डुप्लिकेशन होऊन झालेले पॅरालॉग म्हणजे ओनोलॉग, सुसुमु ओनो यांच्या नावावरून. आणि "७० टक्के होमॉलॉगस" लिहू नका हो, हात जोडतो, होमॉलॉगस म्हणजे एका पूर्वजाचे वंशज, भावकी असते किंवा नसते, टक्के सारखेपणाचे असतात.

आता ज्याने माझे स्वतःचे तीन महिने खाल्ले ते. ऑर्थोलॉग शोधायची घरगुती रीत म्हणजे दोन्हीकडून ब्लास्ट, अ चा सगळ्यात चांगला हिट ब आणि ब चा सगळ्यात चांगला हिट अ, की लिहा ऑर्थोलॉग. त्यात दोन्ही जीनोममध्ये तो जीन एकेकच असेल तर कोणी शंकाही घेत नाही. पीएचडीत मी माशांच्या काही स्पीसीजचं ट्री काढत होतो, असे एकेक प्रतीचे जीन निवडून, आणि काही जीन घातले की दोन जवळच्या नातलग माशांपैकी एक उठून भलत्याच फांदीवर जाऊन बसायचा. आधी वाटलं सॅम्पलवर लेबल चुकलं, मग अलाइनमेंट (सीक्वेन्सची जुळणी) तीनदा केली, मग मॉडेल बदललं, सगळं केलं.

कारण साधं होतं. बहुतेक आधुनिक हाडांचे मासे ज्या पूर्वजापासून आले त्याच्या अख्ख्या जीनोमचं एकदा डुप्लिकेशन झालेलं आहे, ३० कोटी वर्षांपेक्षा आधी. नंतर बहुतेक जीन्सची एकेक प्रत गळून गेली. पण एका माशात थोरली पाती निर्वंश झाली आणि दुसऱ्यात धाकटी, तर दोन्ही घरांत एकेकच वारस दिसतो, ब्लास्ट दोन्हीकडून एकमेकांकडेच बोट दाखवतो कारण दाखवायला दुसरं कोणी उरलेलंच नाही, आणि ते असतात पॅरालॉग. लपलेले. यीस्टमध्ये हे मोजलेलंही आहे, २००६ मध्ये, आपलं बेकरीचं सॅकरोमायसिस सेरेव्हिसी आणि त्याच्या दोन नातलगांवर, त्यांच्याही पूर्वजात असंच जीनोम डुप्लिकेशन झालेलं. कुठल्याही दोघांची तुलना करा, एकेक प्रत असलेल्या जीन्सपैकी ४ ते ७ टक्के जोड्या ऑर्थोलॉग नव्हत्याच. टक्का छोटा वाटतो, पण पाच हजार जीन्स धरले तर दोनशेच्या वर होतात.

मी शेवटी शेजार बघितला. म्हणजे त्या जीनच्या डावी-उजवीकडचे पाच-पाच जीन प्रत्येक माशात लिहून काढले, हाताने, वहीत. भलत्या फांदीवर गेलेल्या माशाचा शेजारच वेगळा होता, ती दुसऱ्या पातीची आळी होती. ज्या जीन्सचा शेजार जुळला नाही ते काढून टाकले आणि मासा मुकाट्याने आपल्या जागी आला. हल्ली ऑर्थोफाइंडरसारखी टूल्स ब्लास्टच्या जोडीवर न थांबता जीन ट्री काढून त्यावरून ठरवतात, तीच वापरा, मी तरी विद्यार्थ्यांना नुसत्या दुहेरी ब्लास्टवरचा तक्ता आणू देत नाही. पण एक पाती पूर्ण गळालेली असेल तर ट्रीलाही ती दिसत नाही, तेव्हा शेजार बघाच. त्या मुलीला हे सगळं सांगितलं तर म्हणाली, "सर, पण परीक्षेत सेम स्पीसीज हेच ऑप्शन आलं तर?"