डावीकडे कोण ओढतंय: वारा की इंजिन?

जुनं छोटं विमान टेक-ऑफसाठी धावताना एकाएकी डावीकडे वळतं, धावपट्टी सोडतं, गर्रकन फिरतं आणि बाहेरच्या पंखाचं टोक जमिनीला घासतं. खापर फुटतं आडव्या वाऱ्यावर. कधी ते योग्यही असतं. पण डावीकडे ओढणारा दुसरा गडी विमानाच्या नाकातच बसलेला असतो.

पायपर जे-3 कब घ्या, शेपूट जमिनीला टेकवून उभं राहणारं जुनं छोटं विमान. तिचा प्रोपेलर वैमानिकाच्या जागेवरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरताना दिसतो. थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची ताकद वाढवणारा दांडा, पुढे सारला की प्रोपेलरमागचा पिळदार झोत उभ्या शेपटीच्या डाव्या अंगावर आदळतो आणि नाक डावीकडे जातं. शेपूट जमिनीवर असेपर्यंत खाली येणारं उजवं पातं हवेला जास्त कोनात भिडतं आणि डाव्यापेक्षा जास्त ओढतं. तोही ओढा डावीकडेच. मग शेपूट उचलायची वेळ येते. फिरता प्रोपेलर पुढे कलला की भोवऱ्याच्या न्यायानं विमानाला बाजूला वळवतो, पुन्हा डावीकडे. शेपूट झटक्यात उचलली तर हिसकाही तेवढाच जोरदार बसतो.

वाऱ्याची तऱ्हा वेगळी. तो शेपटीला बाजूला रेटतो, म्हणून नाक वारा येतो त्या दिशेला वळतं. शिवाय त्या बाजूचा पंख तो उचलू पाहतो, आणि माझ्या मते हीच सर्वांत भरवशाची खूण. नाक वळतंय पण पंख समतल आहेत आणि हे नेमकं थ्रॉटल देताना किंवा शेपूट उचलताना घडलं, तर आधी इंजिनावर संशय घ्यावा.

वारा डावीकडून असेल तर दोन्ही ओढ्यांची बेरीज होते, हे सहज कळतं. फसवतो तो उजवीकडचा वारा. तो इंजिनाला परस्पर तोलून धरतो, पायानं चालवायच्या रडरला (उभ्या शेपटीच्या हलत्या झडपेला) फारसं काम उरत नाही. मग वाऱ्याचा झोत ओसरतो किंवा विमान हँगरच्या आडोशाला येतं, आणि इंजिनाचा ओढा एकटा उरतो. अशा वेळी अपघात ‘वाऱ्यामुळे’ झाला म्हणायचं की वारा पडल्यामुळे?

टायगर मॉथ या जुन्या ब्रिटिश विमानात सगळं उलटं. 1931 साली पहिल्यांदा उडालेल्या या विमानाचं जिप्सी मेजर इंजिन दुसऱ्या दिशेनं फिरतं, त्यामुळे नाक उजवीकडे जातं. कबवर तयार झालेला पाय इथे सवयीनं चुकीचा रडर दाबू शकतो. त्यात मूळ मॉथला चाकांचे ब्रेक नाहीत आणि मागे चाकाऐवजी घसरपट्टी. त्या काळी मोकळ्या गवताळ मैदानावर वाऱ्याकडे तोंड करूनच धावायचं, म्हणून ते चालून गेलं. आजची धावपट्टी वाऱ्यासाठी वळत नाही. 12 नॉटचा (ताशी सुमारे 22 किलोमीटरचा) वारा धावपट्टीशी 30 अंशांच्या कोनातून आला तरी 6 नॉट आडवे लागतातच. दोन्ही विमानांत गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असल्यानं एकदा सुरू झालेलं वळण आपोआप वाढत जातं.

इंजिनाला उत्तर फक्त रडरनं देता येतं: थ्रॉटल हळूहळू, शेपूट सावकाश, पाय आधीच तयार. वाऱ्यासाठी रडरसोबत स्टिकही (पंखांचा कल सांभाळणारी हातातली दांडी) वाऱ्याच्या बाजूला हवी, सुरुवातीला पूर्ण आणि वेग वाढेल तशी कमी. नुसत्या रडरवर भागवलं तर वाऱ्याकडचा पंख उचलला जातो आणि विमान एका चाकावर बाजूला सरकतं.

टेक-ऑफ सोडून देतानाही फरक पडतो. थ्रॉटल मिटला की इंजिनाचा ओढा गेलाच. वारा मात्र तसाच असतो, आणि रडरला जोर देणारा प्रोपेलरचा झोतही तेव्हाच नाहीसा होतो.